टाइमलॅप्सचं एडिटिंग: बदल दृश्याचा की कॅमेऱ्याचा?

टाइमलॅप्ससाठी काढलेले ४५० फोटो संगणकावर उतरवून एकेक उघडून पाहिले, तर बहुतेक वेळा त्यांत खोट काढण्यासारखं काही सापडत नाही. फोकस नेमका, क्षितिज सरळ, रंग बरे. तेच फोटो सेकंदाला २५ या वेगानं चालवले की मात्र आकाश लुकलुकायला लागतं, मधूनच सगळं चित्र क्षणभर उजळतं, निळा रंग हिरवटाकडे झुकून परत येतो आणि कड्याची कडा थरथरते. हे दोष एडिटिंगमध्ये शिरलेले नसतात, ते फोटोंमध्ये पहिल्यापासूनच असतात. फक्त ते कुठल्याही एका फोटोत नसून शेजारशेजारच्या दोन फोटोंमधल्या फरकात असतात, आणि फरक सुट्या फोटोत दिसत नाही. म्हणून फोटो सुधारण्यात ज्यांचा हात बसलेला आहे तेच लोक टाइमलॅप्समध्ये हमखास अडखळतात. त्यांची सवय प्रत्येक फोटो जास्तीत जास्त चांगला करण्याची असते. इथे काम वेगळं आहे. ४५० फोटोंत जेवढे बदल झाले, त्यांतले दृश्याचे कोणते आणि कॅमेऱ्याचे कोणते हे ओळखायचं, पहिले जपायचे आणि दुसरे काढून टाकायचे. सॉफ्टवेअर कुठलंही वापरा, कोणतं बटण कधी दाबायचं आणि कोणतं अजिबात दाबायचं नाही, हे या एका प्रश्नावरून ठरवता येतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण घेऊ. ऑक्टोबरमध्ये पाऊस मागे हटल्यावर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ट्रायपॉड लावलाय. कड्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्यास्त समोर, खाली कोकणातल्या गावांचे दिवे, आणि अंधार पडल्यावर नैर्ऋत्येकडे झुकलेली आकाशगंगा. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सुरुवात, दर २० सेकंदांना एक फोटो, एकूण अडीच तास. झाले ४५० फोटो. सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या तर १८ सेकंदांचा व्हिडिओ, आणि काळाचा वेग प्रत्यक्षाच्या ५०० पट. सुरुवातीला एफ २.८ वर आयएसओ १०० आणि शटर १/२५० सेकंद, शेवटी त्याच अ‍ॅपर्चरवर आयएसओ ३२०० आणि शटर १५ सेकंद. शटरचे १२ आणि आयएसओचे ५ असे १७ स्टॉप झाले. दर स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो, तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या फोटोच्या एक्स्पोजरमध्ये साधारण १ लाख ३१ हजार पटींचा फरक पडला. हा फरक भरून काढताना कॅमेऱ्यानं (किंवा तो हातानं चालवणाऱ्यानं) वाटेत टप्पे घेतले, आणि एडिटिंगचा बराचसा घोळ त्या टप्प्यांतून निघतो.

पहिलं काम कंटाळवाणं आहे, ते उरकून टाकू. सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये घ्या आणि सलग क्रमांक देऊन त्यांची नावं बदला. बऱ्याच कॅमेऱ्यांत ९९९९ नंतर क्रमांक पुन्हा ०००१ वर जातो आणि फोल्डरमधला क्रम उलटापालटा होतो. फोटोंचा व्हिडिओ करणारं एफएफएमपेगसारखं साधन क्रमांकात खंड पडला की तिथेच थांबतं. धूसर आलेले किंवा कुणी ट्रायपॉडला धडक दिल्यामुळे हललेले फोटो काढून टाकायचे असतील, तर ते नंबर देण्याआधी. पण एखादी फ्रेम मधूनच काढली की तिथे वेळ ४० सेकंदांची उडी मारते आणि ढग एक पाऊल जास्त टाकतात. एखाद-दुसरी गेली तर कुणाच्या लक्षात येत नाही. सलग पाच-सहा गेल्या तर मात्र तिथे कट द्यावा हेच बरं.

आता रॉ आणि जेपेगचा प्रश्न. ‘शेवटी व्हिडिओ ८ बिटचाच होणार, मग रॉचा भार कशाला?’ असं नेहमी विचारलं जातं, आणि ते अगदीच चूक नाही. उजेड स्थिर असेल, म्हणजे खोलीत दिव्याखाली रुजणारं बी असेल किंवा भर दुपारी अर्ध्या तासाचं बांधकाम असेल, तर नीट एक्स्पोजर दिलेले जेपेग पुरतात आणि काम पटकन संपतं. कोकणकड्याच्या उदाहरणात मात्र ते पुरत नाहीत, आणि कारण दर्जापेक्षा हिशोबाचं आहे. शटर एक टप्पा वाढवल्यावर चित्र एक-तृतीयांश स्टॉपनं, म्हणजे सुमारे २६ टक्के उजेडानं, एकदम उडी मारतं. ती उडी भरून काढायची तर त्या फोटोचं एक्स्पोजर बरोबर तेवढंच खाली आणता आलं पाहिजे. रॉमध्ये सेन्सरवर पडलेल्या उजेडाचा आकडा जवळजवळ सरळ प्रमाणात नोंदलेला असतो, त्यामुळे ‘०.३३ स्टॉप कमी’ या आकड्याला अर्थ असतो. जेपेगमध्ये कॅमेऱ्यानं आधीच आपला कर्व्ह लावून सावल्या आणि उजेड आवळलेले असतात. तिथे तेवढीच दुरुस्ती उजळ भागाला एक आणि गडद भागाला दुसरा परिणाम देते, म्हणजे आकाश जुळलं तर कडा जुळत नाही. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल सुमारे २५ एमबी धरली तर ४५० फाइल्स ११ जीबीच्या आसपास जातात. आजच्या मेमरी कार्डांच्या मानानं हे ओझं काही फार नाही.

रॉ उघडल्यावर बहुतेकांचा हात ‘ऑटो’कडे जातो. नेमकं तेच करू नये. ऑटो टोन प्रत्येक फोटोकडे स्वतंत्रपणे बघतो आणि त्याला आपल्या मते योग्य त्या उजेडाला आणून ठेवतो. कोपऱ्यात ढगाचा पांढरा तुकडा शिरला की बाकीचं चित्र तो थोडं दाबतो, आणि पुढच्या फोटोत ढग गेला की परत उचलतो. सुटा फोटो सुंदर, सीक्वेन्स लुकलुकता. हाच धोका लाइटरूममधल्या हायलाइट्स, शॅडोज, क्लॅरिटी आणि डीहेझ या स्लायडरांतही लपलेला आहे. आकडा तोच ठेवला तरी या स्लायडरांचं गणित चित्रातल्या आशयावर अवलंबून असतं. कडेला ढग आला की तेच ‘हायलाइट्स उणे ६०’ वेगळं काम करतं. म्हणजे कॅमेऱ्याचे बदल काढायला बसलेला माणूस स्वतःचे नवे बदल त्यात घालून बसतो. त्यामानानं एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि टोन कर्व्ह विश्वासाचे आहेत. कर्व्हमध्ये अमुक उजेडाचं तमुक होतं, शेजारी काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हायलाइट्स आणि शॅडोजना लागलाच तर थोडासा हात लावावा, डीहेझ या सीक्वेन्समध्ये शक्यतो वापरूच नये, आणि उठाव कर्व्हमधून आणावा. हे कर्मठपणाचं वाटेल, पण नंतर डीफ्लिकर करताना, म्हणजे लुकलुक काढताना, तासन्‌तास डोकं फोडण्यापेक्षा स्वस्त आहे.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवून फोटो काढले असतील तर कॅमेऱ्यानं सूर्यास्ताचा तांबूसपणा ‘चूक’ समजून पुसायचा प्रयत्न केलेला असतो, तोही दर फोटोला कमी-जास्त. रॉमध्ये हे पूर्ण उलटवता येतं. सगळ्या फोटोंना एकच केल्व्हिन आणि एकच टिंट द्या. ५२०० च्या आसपास ठेवलं तर संध्याकाळ तांबूस होते, मग जांभळट, मग निळी. हा प्रवास दृश्याचा आहे, तो जपायचा. मात्र रात्री याच आकड्यावर आकाश मातकट पिवळं दिसायला लागतं, कारण पश्चिमेला शहरांचा उजेड आणि खाली गावांचे दिवे आहेत. ते ४००० च्या जवळ आणलं तर डोळ्याला पटतं. इथे बदलाचा तिसरा प्रकार आला: एडिटिंग करणाऱ्यानं जाणूनबुजून केलेला. त्याला हरकत नाही, पण तो दिसता कामा नये. ५२०० पासून ४००० पर्यंतची उतरण शंभरेक फ्रेम्समध्ये पसरली तर चार सेकंद मिळतात आणि अंधार पडण्यात ती मिसळून जाते. दहा फ्रेम्समध्ये उरकली तर प्रेक्षकाला वाटतं, कुणीतरी फिल्टर लावला.

अशा सावकाश बदलांसाठी कीफ्रेम वापरतात. मोजके चार-सहा फोटो निवडायचे, त्यांवर मनासारखं काम करायचं, आणि मधल्या शेकडो फोटोंचे आकडे सॉफ्टवेअरनं क्रमाक्रमानं भरायचे. लाइटरूम एकटं हे करत नाही. गुंथर वेगनर यांचं एलआरटाइमलॅप्स लाइटरूमच्या एक्सएमपी फाइल्स (प्रत्येक फोटोच्या एडिटिंगचे आकडे ठेवणाऱ्या) वाचून त्यांत मधले आकडे लिहितं, आणि या कामासाठी जगभर तेच जास्त वापरलं जातं. कीफ्रेम समान अंतरावर ठेवायचा मोह होतो, कारण ते नीटनेटकं दिसतं. उजेड मात्र समान वेगानं बदलत नाही. आपल्या अक्षांशावर सूर्य बुडाल्यापासून आकाश पूर्ण काळं होईपर्यंत सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि १७ स्टॉपांतला बहुतेक सगळा उतार याच काळात होतो. ४५० पैकी साधारण सव्वादोनशे फ्रेम्स हा उतार खातात. आधीच्या सोनेरी अर्ध्या तासाला एक कीफ्रेम, सूर्य टेकताना एक, निळ्या वेळेत दोन, गावांचे दिवे ठळक व्हायला लागतात तिथे एक, आणि पूर्ण रात्रीला एक. इतकं पुरतं. कीफ्रेम जास्त झाल्या की प्रत्येक ठिकाणी तुमची त्या क्षणाची मर्जी थोडी वेगळी असते, आणि ते हेलकावे व्हिडिओत दिसतात.

आता शटरच्या टप्प्यांकडे. १७ स्टॉप म्हणजे एक-तृतीयांशाचे ५१ टप्पे, तेही बहुतांशी त्या सव्वादोनशे फ्रेम्समध्ये. दर चार-पाच फोटोंनी एक उडी. फोटोंच्या सरासरी उजेडाचा आलेख काढला तर तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो: चार फोटो हळूहळू काळोखत जातात, पाचव्याला शटर वाढतं आणि रेघ एकदम वर चढते, की पुन्हा उतार. यातला उतार दृश्याचा आहे आणि उडी कॅमेऱ्याची. सुदैवानं उडीचा नेमका आकार प्रत्येक फाइलच्या एक्झिफमध्ये लिहिलेला असतो, कारण शटर आणि आयएसओ तिथे नोंदलेले असतात. म्हणून ही दुरुस्ती अंदाजानं करायची गरज नाही. उडीनंतरच्या फोटोला उणे ०.३३, मग पुढच्या फोटोंना हळूहळू कमी करत पुढच्या उडीपर्यंत शून्यावर, असं सॉफ्टवेअर स्वतः लिहून देतं. लाइटरूममध्येही ‘मॅच टोटल एक्स्पोजर्स’ अशी सोय आहे, आणि दोन-चार टप्प्यांच्या सीक्वेन्सला ती चालते. १७ स्टॉपांना ती लावली तर मात्र सगळे फोटो पहिल्या फोटोच्या हिशोबात आणले जातात आणि रात्र निव्वळ काळी होते.

याच्या उलट चूक जास्त दिसते. दुरुस्ती इतकी चोख केली जाते की सोनेरी ऊन, संध्याकाळ आणि रात्र तिन्हींचा सरासरी उजेड सारखाच राहतो, आणि कडा रात्री आठला दुपारसारखा उजळ दिसतो. तारे आहेत म्हणून रात्र म्हणायची. इथे कॅमेऱ्याचा बदल काढताना दृश्याचाही बदल पुसला गेला. खरा उतार १७ स्टॉपांचा होता, तो पडद्यावर दाखवणं अशक्यच. पण त्याची खूण तरी राहिली पाहिजे. पहिल्या कीफ्रेमपासून शेवटच्यापर्यंत साधारण एक ते दीड स्टॉपची उतरण ठेवली, की आकाशगंगाही दिसते आणि अंधार पडल्याचंही जाणवतं. हा आकडा नियम नाही, पण शून्य हे उत्तर नक्की नाही.

टप्पे जुळवूनही लुकलुक राहते, आणि तिचं मूळ एक्झिफमध्ये सापडत नाही. कॅमेऱ्यात एफ ५.६ लावलेलं असतं, पण लेन्सची पाती दर फोटोच्या वेळी पूर्ण उघड्या स्थितीतून मिटून त्या जागी येतात, आणि यांत्रिक सैलपणामुळे दर वेळी केसाएवढी कमी-जास्त मिटतात. एक-दशांश स्टॉपचा फरक म्हणजे सात टक्के उजेड. एका फोटोत कुणाला ते कळणार नाही, सेकंदाला २५ फोटो गेले की कुणालाही कळतं. आपल्या उदाहरणात एफ २.८ ही त्या लेन्सची पूर्ण उघडी जागा असेल तर पाती हलतच नाहीत आणि हा दोष येत नाही. पण दिवसाच्या बऱ्याच सीक्वेन्स एफ ८ वर काढलेल्या असतात आणि तिथे तो ठरलेला. घरात किंवा रस्त्यावर काढलेल्या सीक्वेन्समध्ये आणखी एक कारण भेटतं: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि शटर फार जलद असेल तर प्रत्येक फोटोत त्यातला वेगळा क्षण पकडला जातो.

हा दोष मोजूनच काढावा लागतो, आणि मोजायचं कुठे यावर सगळं अवलंबून आहे. समजा आकाशाच्या वरच्या कोपऱ्यातला एक चौकोन घेतला आणि २१० ते २१४ या फ्रेम्समधली त्याची सरासरी उजळता ० ते २५५ च्या मापात ६१, ६०, ६३, ५९, ५९ अशी आली. उतार सरळ आहे, फक्त मधला ६३ आगंतुक आहे. शेजाऱ्यांच्या मानानं तो ६० च्या जरा खाली असायला हवा होता, म्हणजे त्या एका फोटोचं एक्स्पोजर साधारण एक-षष्ठांश स्टॉपनं खाली आणायचं. डीफ्लिकर करणारं सॉफ्टवेअर हेच सगळ्या फोटोंना करतं: आजूबाजूच्या काही फ्रेम्सची सरासरी काढून एक गुळगुळीत रेघ आखतं आणि प्रत्येक फोटोला त्या रेघेवर आणतं. आता तोच चौकोन कड्यावर, जिथे ढगाची सावली सरकत जाते तिथे ठेवला, तर सावली आली की सॉफ्टवेअर म्हणणार ‘फोटो काळा पडला’, आणि सगळं चित्र, आकाशासकट, उजळवणार. सावली गेली की परत दाबणार. दोष काढताना नवा दोष तयार झाला. सावली आणि लुकलुक यांत फरक करायला दोन खुणा पुरतात. लुकलुक सगळ्या चित्रभर एकाच वेळी येते आणि एका फ्रेममध्ये येऊन जाते. सावलीला कडा असते, ती चित्रातून सरकते आणि तिला आठ-दहा फ्रेम्स लागतात. म्हणून मोजण्याचा चौकोन शक्य तितका निश्चल भागात ठेवावा. सरासरीची खिडकीही फार मोठी घेऊ नये: एका फ्रेमच्या दोषाला दहा-वीस फ्रेम्सची सरासरी पुरे होते, शंभरची घेतली तर खऱ्या ढगाळपणाचे चढउतारही सपाट होतात. एकदा दुरुस्ती करून पुन्हा मोजायचं, गरज पडली तर आणखी एकदा.

‘एवढा खटाटोप कशाला? व्हिडिओ बनवून शेवटी डीफ्लिकरचा इफेक्ट लावला की झालं,’ हा आक्षेप ऐकण्यासारखा आहे, कारण असे इफेक्ट खरंच चांगले झालेत. एफएफएमपेगमध्ये डीफ्लिकरचा फिल्टर फुकट मिळतो, दाविंची रिझॉल्व्हमध्ये त्याचा इफेक्ट आहे, मात्र विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत. अ‍ॅपर्चरची बारीक लुकलुक आणि उजेड स्थिर असेल तर हा मार्ग वेळ वाचवतो, आणि तो वापरणाऱ्याला कमी लेखायचं कारण नाही. पण व्हिडिओ बनल्यानंतर जे पांढरं होऊन उडालं ते परत येत नाही. ६३ चा ६० करताना २५६ पायऱ्यांतल्याच पायऱ्या ताणल्या-आवळल्या जातात. संध्याकाळच्या आकाशात, जिथे निळ्याच्या मोजक्याच छटा असतात, तिथे लगेच पट्टे उमटतात. तीच दुरुस्ती रॉच्या एक्स्पोजरमध्ये केली तर आकाशाचं काही नुकसान होत नाही. मोजायचं प्रीव्ह्यूवर, पण आकडा लिहायचा रॉसाठी. क्रम एवढाच बदलतो, पण फरक मोठा पडतो.

सेन्सरवरची धूळ आणि हॉट पिक्सेल (सेन्सरवरचा कायम उजळ राहणारा बिंदू) ओळखायलाही तोच प्रश्न कामी येतो. ढग सरकतात, धुळीचा डाग जागचा हलत नाही. आकाश तासाला १५ अंश फिरतं, त्यामुळे तारे सरकतात आणि हॉट पिक्सेल तिथेच राहतो. जे हलायला हवं होतं आणि हललं नाही ते कॅमेऱ्याचं. डाग काढताना हीलिंगनं उसना भाग कुठून घ्यायचा हे सॉफ्टवेअरवर सोडलं, तर ते प्रत्येक फोटोत वेगळी जागा निवडू शकतं आणि डागाच्या जागी वळवळणारा ठिपका दिसतो. उसनी जागा स्वतः हातानं ठरवून मग सगळ्या फोटोंना लावावी. विमानाच्या रेघा मात्र राहू द्याव्यात असं माझं मत आहे. त्या संध्याकाळी विमान गेलं होतं.

कमी बोलला जाणारा एक बदल हालचालीच्या पोताचा आहे. सुरुवातीला शटर १/२५० सेकंद आणि इंटरव्हल २० सेकंद, म्हणजे २० सेकंदांतला जवळजवळ सगळा काळ टिपलाच गेला नाही. ढग टप्प्याटप्प्यानं उड्या मारतात आणि कड्यावरची माणसं टपटप उगवतात-मावळतात. शेवटी शटर १५ सेकंद, त्यामुळे हालचाल पुसट, ओघळती. एकाच शॉटमध्ये हालचालीचा स्वभाव मधूनच बदलतो, आणि प्रेक्षकाला काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही. खरा उपाय फोटो काढतानाचा आहे: सुरुवातीला उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावून शटर लांबवणं. ते झालं नसेल तर एडिटिंगमध्ये पहिल्या भागात शेजारच्या दोन-तीन फ्रेम्स एकमेकांत मिसळून पुढे ते प्रमाण कमी करत शून्यावर आणता येतं. ढगांना हे बरं मानवतं. माणसं, पक्षी, गाड्या यांच्या मात्र भुतासारख्या दुहेरी आकृत्या होतात, तेव्हा तो भाग मास्कनं वगळावा.

यानंतर जुळणी. २४ मेगापिक्सेलचा ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा फोटो १६:९ मध्ये कापला की ६००० गुणिले ३३७५ उरतो, म्हणजे उंचीतले ६२५ पिक्सेल जातात. वरून किती आणि खालून किती हे पहिल्याच कीफ्रेमला ठरवून सगळ्यांना लावायचं. रुंदी ३८४० च्या फोर-केपेक्षा दीडपटीहून थोडी जास्त, त्यामुळे चित्र न ताणता हळूच झूम किंवा पॅन करायला जागा आहे. तो करायचाच असेल तर रॉ प्रोग्रॅममधल्या क्रॉपनं न करता व्हिडिओच्या टाइमलाइनवर करावा, तिथे गती सुरळीत राहते. ४५० फोटो १६ बिट टिफमध्ये पूर्ण आकारात काढले तर प्रत्येकी १४४ एमबी, एकूण ६५ जीबी. फोर-केला छोटे करून काढले तर प्रत्येकी ५० एमबीच्या घरात, एकूण २२-२३ जीबी. झूम नको असेल तर दुसरा मार्ग शहाणपणाचा. या क्रमांकवार फाइल्स दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत एक सलग क्लिप म्हणून येतात, आणि फोर-केपर्यंतचा व्हिडिओ तिथून काढता येतो.

वाऱ्यानं ट्रायपॉड थरथरला असेल तर स्टॅबिलायझेशन डीफ्लिकरनंतर करावं, कारण उजेड उडत असला तर सॉफ्टवेअरला खुणेचे बिंदू नीट पकडता येत नाहीत. सगळं चित्र त्याच्या हवाली केलं तर ते मोठ्या सरकत्या ढगाला स्थिर मानतं आणि कडाच डोलायला लावतं. खुणेचे बिंदू फक्त खडकावर ठेवायचे, आकाशातले पुसून टाकायचे.

शेवटचा टप्पा फाइल तयार करण्याचा, आणि आतापर्यंतची मेहनत बहुधा इथेच वाया जाते. संध्याकाळचा निळा उतार ८ बिटच्या एच.२६४ मध्ये कमी बिटरेटनं दाबला की पायऱ्या पडतात. मास्टर फाइल १० बिटची, प्रोरेस ४२२ एचक्यूसारख्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवावी, तिथे प्रत्येक रंगाला २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या मिळतात. इंटरनेटवर टाकायची प्रत त्यापासून वेगळी बनवावी. इथे एक उलटा वाटणारा सल्ला: नॉइज पूर्ण पुसू नका. रात्रीच्या फ्रेम्समधला बारीक दाणा छटांच्या पायऱ्या मोडतो. तो साफ केलेलं गुळगुळीत आकाशच आधी पट्ट्यांनी भरतं. फ्रेमरेटचा वाद घालण्यात अर्थ नाही. टीव्हीसाठी किंवा २५ च्या इतर फुटेजबरोबर जोडायचं असेल तर २५, आणि बहुतेक लोक फोनवरच बघणार असतील तर ३०, कारण फोनचा पडदा सहसा ६० हर्ट्झच्या पटीत चालतो आणि २५ तिथे जरा अडखळतं. मग व्हिडिओ १८ ऐवजी १५ सेकंदांचा होतो, हे संगीत निवडायच्या आधी ठरवलेलं बरं.

दोन आक्षेप उरतात. पहिला, हे सगळं फोनवर एका बटणात होतं. होतं, आणि मिरवणुकीला किंवा घराच्या रंगकामाला ते पुरेसं आहे. पण फोन सुटे फोटो ठेवत नाही, त्यामुळे काय दृश्याचं आणि काय कॅमेऱ्याचं हे त्यानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं, आणि ते पटलं नाही तर मागे जायला वाट नसते. काही फोन रेकॉर्डिंग लांबलं की मधल्या फ्रेम्स गाळत जातात, त्यामुळे वेग किती पट हेही सांगता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: इतकं सुधारलेलं चित्र खरं कसं म्हणायचं? दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली होती. फ्रेमनिहाय उजेड मोजून जुळवायची आजच्यासारखी सोय तेव्हा नव्हती, तरी कुणी रोपटं खरंच एवढ्या वेगानं वाढतं असं समजलं नसेल. वेग वाढवणं ही या प्रकाराची उघड अट आहे. पातं कमी-जास्त मिटल्यामुळे आलेली लुकलुक काढणं म्हणजे न घडलेली गोष्ट काढणं. याउलट मधला तासभर गाळून सलग असल्याचा भास देणं, दुसऱ्या रात्रीचं आकाश बसवणं किंवा ओढ्याचं पाणी वाढताना मुद्दाम इंटरव्हल बदलणं, यात घडलेलं लपतं किंवा न घडलेलं शिरतं. निव्वळ देखणा व्हिडिओ असेल तर हा ज्याचा त्याचा प्रश्न. बांधकामाची प्रगती, नदीची पातळी, शेतातलं पीक अशा नोंदींसाठी टाइमलॅप्स असेल तर मात्र इंटरव्हल, सुरुवातीची आणि शेवटची वेळ आणि गाळलेल्या फ्रेम्स व्हिडिओखाली लिहाव्यात.

काम संपल्यावर टिफ फाइल्स पुसून टाकायला हरकत नाही, त्या पुन्हा काढता येतात. ठेवायच्या त्या रॉ, त्यांच्या शेजारच्या एक्सएमपी फाइल्स आणि १० बिटची मास्टर, आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. नावं बदलताना एक्सएमपी मागे राहिल्या तर प्रत्येक फ्रेमचं लिहिलेलं एक्स्पोजर हरवतं आणि डीफ्लिकर पहिल्यापासून करावं लागतं, तेव्हा रॉ आणि एक्सएमपी जोडीनंच हलवाव्यात.